'पॅन' लिहिलेल्या बाटलीत काय नसतं

आमच्या फ्रिजच्या दुसऱ्या कप्प्यात एक पांढरा ट्रे असतो. त्यावर जाड पेनानं 'एपि' लिहिलंय. एपि म्हणजे एपिथेलियल. शरीराला आतून-बाहेरून अस्तर लावणाऱ्या आणि ग्रंथी बनवणाऱ्या पेशी ओळखायच्या अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी प्रथिनं) त्या ट्रेत. मी चौदा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये इम्युनोच्या (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या) टेबलावर आहे. मेणाच्या ब्लॉकमधून चार मायक्रॉनचा काप घ्यायचा, अँटिबॉडी टाकायची आणि ती जिथे चिकटेल तिथे डॅब या रसायनाचा तपकिरी रंग उमटवायचा, हे माझं काम. निदान पॅथॉलॉजिस्ट मॅडम करतात. पण तो तपकिरी खरा की खोटा हे त्यांच्याआधी मला दिसावं लागतं, नाहीतर स्लाइड परत येते आणि तोवर ब्लॉकमधली उती संपलेली असते.

गेल्या वर्षी आम्ही एपिथेलियल मार्करचा एक तयार संच घेतला. पाच बाटल्या: एई१/एई३, कॅम ५.२, बर-ईपी४, ई-कॅडहेरिन आणि पी४०. डायल्यूशन करायचं नाही, झाकण उघडायचं आणि थेंब टाकायचे. वर्षभर रोज वापरला, आता लिहायला हरकत नाही. पुरवठादाराचं नाव घेत नाही. क्लोन, म्हणजे अँटिबॉडीचे ठरावीक वाण, बहुतेक ठिकाणी हेच असतात, बाटली कुणाची का असेना, आणि मला जे बोलायचंय ते बरचसं क्लोनबद्दलच आहे.

सुरुवात एई१/एई३ पासून, कारण सगळ्यात जास्त तीच संपते. लेबलवर मोठ्या अक्षरात 'पॅन-सायटोकेरॅटिन'. पॅन म्हणजे सगळे. पण सगळे नाहीत. ही एका बाटलीत घातलेली दोन अँटिबॉडींची जोडी आहे. केरॅटिन हे पेशीच्या आतल्या सांगाड्याचे धागे, साधारण १० नॅनोमीटर जाडीचे, आणि ते नेहमी जोडीनं विणले जातात: एक आम्लधर्मी टाइप १ मधलं, एक टाइप २ मधलं. १९८२ मध्ये मोल, फ्रँके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या १९ सायटोकेरॅटिनना क्रमांक देऊन यादी छापली, विसावं नंतर आलं, आणि आमचा धंदा अजून त्याच आकड्यांवर चालतो. (२००६ मध्ये नवी नामावली आली, तिच्यात ५४ जनुकं आहेत. पण टेबलावर अजून 'सीके सात', 'सीके वीस' असंच बोलतात.) एई३ टाइप २ मधली १ ते ८ सगळी पकडते. एई१ टाइप १ मधली १०, १४, १५, १६ आणि १९ पकडते. आता मोजा. १८ कुठे गेलं?

१८ नाही. आणि १८ म्हणजे काही आडगावचं केरॅटिन नव्हे, साध्या एकपदरी अस्तराच्या पेशींत ८ आणि १८ ची जोडी हाच मूळ संसार असतो. तसं हे १८ जरा वेगळंच आहे. आहे टाइप १ मधलं, पण त्याच्या भावंडांची जनुकं १७ व्या गुणसूत्रावर राहतात आणि हे एकटं १२ व्या गुणसूत्रावर, ८ च्या शेजारी, टाइप २ वाल्यांच्या वस्तीत.

एरवी याचा त्रास होत नाही. त्वचा, आतडं, फुप्फुस, स्तन, कुठेही एई१/एई३ टाका, गडद तपकिरी येतं, कारण तिथे पकडायला दुसरं काही ना काही असतं. त्रास यकृतात होतो. यकृताच्या पेशीत केरॅटिन म्हणजे फक्त ८ आणि १८, तेही थोडंथोडकं. एई१ ला तिथे काहीच सापडत नाही, एई३ ला ८ सापडतं पण बेताचं. शेजारच्या पित्तनलिकेत मात्र ७ आणि १९ भरपूर, ती डांबरासारखी रंगते.

संच आल्यानंतर दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. यकृतातल्या गाठीची सुईनं घेतलेली बायोप्सी होती, दोन बारीक दोऱ्यांएवढी. गाठ एपिथेलियल आहे का, एवढा पहिला प्रश्न. डेटाशीटमध्ये लिहिलं होतं की रिट्रीव्हलसाठी एन्झाइम वापरा, म्हणजे प्रोटिनेजनं उती थोडी पचवून झाकलेली जागा उघडी करा. आम्ही तसंच केलं. गाठीत काहीही नाही. निळ्या केंद्रकांखेरीज कोरी पाटी. कंट्रोल म्हणून, म्हणजे रंगणारच अशी खात्रीची उती म्हणून, टॉन्सिल लावलं होतं, ते झकास रंगलं होतं. आमचा नवा मुलगा म्हणाला, "ताई, एपिथेलियल नाहीये वाटतं. सार्कोमाचे मार्कर लावायला घेऊ का?" (सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा उतींचा कर्करोग.) मलाही क्षणभर तसंच वाटलं, हे कबूल करते.

मॅडमनी स्लाइड लावली, गाठ पाहिलीच नाही. दोऱ्याच्या टोकाला निरोगी यकृताचा जेमतेम अर्धा मिलिमीटर तुकडा होता, तिथे गेल्या. म्हणाल्या, "ये, बघ. इथल्या यकृतपेशी रंगल्यात का?" नव्हत्या. त्यांच्यामधली पित्तनलिका काळीकुट्ट आणि भोवतीच्या पेशी पांढऱ्या. "जी पेशी रंगायलाच हवी ती रंगली नाही, मग गाठ रंगली नाही यावर मी काय विश्वास ठेवू?" एवढं बोलून त्यांनी स्लाइड माझ्या हातात दिली.

एन्झाइम सोडलं. पीएच ९ च्या बफरमध्ये ९७ अंशाला वीस मिनिटं उकळून पुन्हा लावलं. या वेळी निरोगी यकृतपेशींच्या कडेनं बारीक तपकिरी रेघ आली, पेन्सिलीनं हलकेच ओढल्यासारखी, आणि गाठीतही तीच रेघ, आणखी फिकट. दोऱ्यातले उरलेले काप कॅम ५.२ आणि अर्जिनेज-१ ला गेले. कॅम ५.२ नं गाठ भरून रंगवली, अर्जिनेजनं ती यकृतपेशींचीच असल्याचं सांगितलं. सार्कोमाच्या मार्करवर काप उधळले असते तर या दोन्हींना काही उरलं नसतं.

आता यात चूक कुणाची? निम्मी माझी. टॉन्सिलच्या अस्तरात केरॅटिन इतकं ठासून भरलेलं असतं की अर्धमेली अँटिबॉडीही तिथे पास होते. कंट्रोल असा हवा की जिथे माल कमी आहे. पण निम्मी त्या डेटाशीटची. फॉर्मालिननं बांधलेली प्रथिनं उष्णतेनं मोकळी करायची युक्ती १९९१ मध्ये छापून आली, त्याला तीन दशकं झाली, आणि एई१/एई३ ला उष्णता एन्झाइमपेक्षा मानवते हे इम्युनोवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी जुनाच कागद नव्या बाटलीला चिकटवून पाठवतात. पुरवठादाराला पत्र लिहिलं. उत्तर आलं: कृपया डेटाशीट पाहावी. पाहिलीच होती, दादा, म्हणून तर लिहिलं.

कॅम ५.२ बद्दल आता बोलले म्हणून तीच घेते. यकृतासाठी हवीच. मेंदूच्या कापावर तर मी एई१/एई३ आधी टाकतच नाही. ती मेंदूतल्या ग्लायल (आधार देणाऱ्या) पेशींमध्ये खोटी रंगते आणि बाहेरून पसरलेला कर्करोग शोधताना घोळ करते, तिथे कॅम ५.२ जास्त सरळ वागते. १९८४ मध्ये ही आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर तयार केलेली अँटिबॉडी. या संचातल्या तिच्या लेबलवर 'सीके ८/१८' छापलंय, आणि ते चूक आहे. ती प्रामुख्यानं ८ ला चिकटते आणि थोडीशी ७ ला. ८ आणि १८ जोडीनं राहत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, इतकंच.

तिची खोड दुसरीच आहे, आणि ती आमच्या त्याच मुलानं शोधली. स्तनाच्या कर्करोगात काखेतली पहिली लसीका ग्रंथी, सेंटिनल नोड, केरॅटिननं रंगवून बघतात. तिथे एपिथेलियल पेशीचं घर नाही, त्यामुळे एक तपकिरी पेशी दिसली तरी प्रश्न उभा राहतो. ०.२ मिलिमीटरपर्यंतचा पुंजका असेल तर 'सुट्या पेशी', त्याहून मोठा आणि २ मिलिमीटरपर्यंत असेल तर 'मायक्रोमेटास्टॅसिस', आणि त्यावरून पुढची स्टेज ठरते. तर हा मुलगा स्लाइड बघता बघता ओरडला, "ताई, सापडल्या! एक नाही, वीस-पंचवीस!"

मी बघितलं. तपकिरी होत्याच. पण आकार बघा. कर्करोगाची पेशी गोल, केंद्रक मोठं, रंग एकसारखा भरलेला. या पेशींना हात होते. लांब, बारीक, वेड्यावाकड्या फांद्या, दोन फांद्यांच्या मधून लिंफोसाइट डोकावताहेत, आणि केंद्रक साधं, गरीब, काहीही न केलेलं. त्या ग्रंथीच्या स्वतःच्या जाळीतल्या रेटिक्युलम पेशी. त्यांच्यात खरोखरच ८ आणि १८ थोडं असतं, अँटिबॉडी खोटं बोलत नाही. खोटं ते लेबलवरचं, 'एपिथेलियल पेशीचा मार्कर' म्हणणारं. केरॅटिन आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूतही कधीकधी रंगतं, सायनोव्हियल सार्कोमात तर हमखास पुंजक्यापुंजक्यानं रंगतं. मी त्या मुलाला पेन दिला आणि म्हटलं, पेशीचं चित्र काढ, फांद्यांसकट. ते चित्र अजून सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या भिंतीवर टेपनं चिकटवलेलं आहे.

बर-ईपी४ मला या पाचांत सगळ्यात आवडते, थोडा पक्षपात धरून चला. ही एपकॅम नावाच्या प्रथिनाला चिकटते, जे पेशीच्या पृष्ठभागावर असतं. त्यामुळे रंग केरॅटिनसारखा पेशीभर पसरत नाही, कडेनं स्वच्छ रेघ येते. एपकॅम १९७९ मध्ये आतड्याच्या कर्करोगावरचा अँटिजेन म्हणून सापडला आणि मग प्रत्येक गटानं त्याला आपापलं नाव दिलं, त्यामुळे जुने निबंध वाचताना एकच माणूस पाच नावांनी भेटतो. त्वचेच्या बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा रंगतो, स्क्वेमस (सपाट पेशींचा कर्करोग) कोरा राहतो, इतका सरळ फरक दुसरी कुठली बाटली देत नाही. छातीतल्या पाण्याच्या सेल ब्लॉकमध्ये कॅलरेटिनिनच्या (मेसोथेलियल पेशींच्या मार्करच्या) जोडीनं लावली की अ‍ॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) एकीकडे आणि मेसोथेलियल पेशी (छातीच्या पोकळीच्या अस्तराच्या) दुसरीकडे, बहुतेक वेळा. बहुतेक वेळा म्हणाले, कारण मेसोथेलिओमाचा एखादा कोपरा रंगून फसवतो.

पण हिचंही तेच. निरोगी त्वचेचं वरचं अस्तर एपिथेलियल नाही असं कोण म्हणेल? तिथे ही शून्य. यकृतपेशीतही शून्य. रक्तातल्या भटक्या कर्करोगपेशी मोजायचं सेलसर्च नावाचं यंत्र आहे, अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झालेलं. ते ७.५ मिलिलीटर रक्तातून एपकॅमला धरूनच चुंबकानं पेशी ओढतं, मग त्यांच्यात केरॅटिन आहे आणि सीडी४५ (पांढऱ्या रक्तपेशींची खूण) नाही असं पाहून मोजतं. कल्पना सुंदर आहे. फक्त ज्या पेशीनं घर सोडताना एपकॅमच उतरवून ठेवला, ती चुंबकाच्या हाती लागत नाही, आणि भटकायला निघालेल्या काही पेशी नेमकं तेच करतात.

जाता जाता: या एपकॅमच्या जनुकाचं शेपूट गळून पडलं तर शेजारचं एमएसएच२ (डीएनएच्या चुका दुरुस्त करणारं जनुक) बंद पडतं आणि लिंच सिंड्रोम (आतड्याच्या आणि इतर काही कर्करोगांचा आनुवंशिक धोका) होतो. आपण ज्याला नुसतं पेशीचं ओळखपत्र समजतो त्याच्या जनुकाची ही करामत. ऐकलं त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत तीन जणांना पकडून सांगितलं.

ई-कॅडहेरिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी. नीट लागली तर पेशी-पेशीच्या सीमेवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी, बघत बसावं अशी. स्तनाच्या लोब्युलर कार्सिनोमात ही जाळी नाहीशी होते, पेशी एकमेकींचा हात सोडून एकामागे एक रांगेत चालू लागतात, आणि रांगेच्या मधोमध एखादी निरोगी नलिका तपकिरी जाळीसकट उभी असते. तोच तुमचा कंट्रोल, वेगळा लावायची गरज नाही. काही लोब्युलर मात्र ई-कॅडहेरिन ठेवतात, म्हणून मॅडम जोडीला पी१२० मागतात. जाळी सुटली असेल तर ते कडेवरून पेशीच्या आत पसरलेलं दिसतं. संचात पी१२० नाही. द्यायला हवं होतं.

हिच्याबद्दलची तक्रार आमच्या टेबलाची नाही, वरच्या मजल्यावरच्या संशोधनवाल्या मुलीची आहे. ती एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवते आणि फ्लोवर (सुट्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर) मोजते. आमची बाटली उसनी नेली आणि दोन दिवसांनी रडवेली होऊन आली, "ताई, तुमची अँटिबॉडी मेलीय. एमसीएफ-७ वर शून्य येतंय." एमसीएफ-७ वर शून्य? ज्या पेशी ई-कॅडहेरिनच्या पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहेत? मी विचारलं, ताटलीवरून पेशी कशा सोडवल्यास? ट्रिप्सिन-ईडीटीएनं, सगळे करतात तशा. मग झालं तर! ई-कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं, ते असेल तोवर ट्रिप्सिन त्याला हात लावू शकत नाही. ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं, आणि मग ट्रिप्सिन बाहेरचा भाग कुरतडून टाकतं. ती ज्याला शोधत होती ते तिनंच धुऊन टाकलं होतं. शिवाय आमच्या बाटलीतला क्लोन आतल्या शेपटीला चिकटतो की बाहेरच्या भागाला, हे या डेटाशीटमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. आतल्या शेपटीचा असेल तर पडद्याला भोकं पाडल्याशिवाय फ्लोवर तो दिसणारच नाही. एका ओळीची माहिती, तीही देत नाहीत. पुढच्या खेपेला तिनं नुसत्या ईडीटीएनं पेशी सोडवल्या आणि पृष्ठभागासाठीचा वेगळा क्लोन मागवला. खाली येऊन पेढे दिले नाहीत, पण आलेख दाखवला.

पी४० बद्दल फार लिहायला काही नाही, कारण ती तक्रारीला जागा देत नाही. केंद्रक रंगतं किंवा रंगत नाही, मधलं काही नाही. आधी आम्ही पी६३ या प्रथिनाची अँटिबॉडी वापरायचो, तिच्यात फुप्फुसाच्या काही अ‍ॅडेनोकार्सिनोमाही रंगायच्या आणि स्क्वेमसचा गोंधळ व्हायचा. पी४० त्याच प्रथिनाचा फक्त आखूड प्रकार ओळखते, त्यामुळे तो गोंधळ जवळजवळ संपला. प्रोस्टेटच्या बेसल पेशींनाही छान.

सीके७ आणि सीके२० या संचात नाहीत, आणि एपिथेलियल मार्करचा 'संपूर्ण' संच म्हणून विकताना ते खटकतं. गाठ एपिथेलियल आहे इतकं कळल्यावर लगेच पुढचा प्रश्न 'कुठून आली' हाच असतो. सात आहे वीस नाही, तर फुप्फुस किंवा स्तनाकडे बघा. वीस आहे सात नाही, तर मोठ्या आतड्याकडे. त्वचेच्या मर्केल सेल कार्सिनोमात सीके२० केंद्रकाच्या शेजारी ठिपक्यासारखं बसतं, ते एकदा पाहिलं की विसरत नाही. दोन्ही आम्हाला वेगळे घ्यावे लागले.

बाटलीबद्दल थोडं. ड्रॉपर चांगला, थेंब सारखे पडतात. पण तळ सपाट असल्यामुळे शेवटचे दहा-पंधरा थेंब नळीत चढतच नाहीत, बाटली तिरकी धरून पिपेटनं काढावे लागतात. थंड पिशवी प्रत्येक वेळी थंडच आली, याचं श्रेय देते. लॉट बदलला की मात्र सावध. सहाव्या महिन्यात आलेला एई१/एई३ चा नवा लॉट सरळ फिका होता. आधी मला फॉर्मालिनचा संशय आला, कारण उती ६ ते ७२ तासांच्या बाहेर गेली की असं होतं. मग जुन्या लॉटचे उरलेले थेंब आणि नवा लॉट एकाच ब्लॉकच्या शेजारशेजारच्या कापांवर लावले. जुना गडद, नवा फिका. फोटो पाठवले, बाटली बदलून मिळाली, पण तीन आठवड्यांनी.

गुण द्यायचे तर बर-ईपी४ आणि पी४० ला पाचपैकी पाच, कॅम ५.२ ला चार (अर्धा लेबलसाठी कापला, अर्धा त्या फांदीवाल्या पेशींसाठी, जरी त्यात बिचारीचा दोष नाही), ई-कॅडहेरिनला चार, एई१/एई३ ला उकळून लावली तर साडेतीन, डेटाशीटप्रमाणे लावली तर दोन. ज्यांच्या टेबलावर स्वतः कंट्रोल ब्लॉक बनवायची सोय आहे त्यांनी हा संच खुशाल घ्यावा. ज्यांना कागदावर लिहिलंय तसं करून मोकळं व्हायचंय त्यांनी घेऊ नये.

आता आमच्या प्रत्येक एई१/एई३ च्या स्लाइडवर रुग्णाच्या कापाशेजारी यकृताचा आणि अपेंडिक्सचा एकेक छोटा तुकडा असतो. रुग्णाचा काप बघायच्या आधी तो मुलगा यकृत बघतो, सांगावं लागत नाही. काल पुन्हा नवा लॉट आला. यकृतपेशींच्या कडेनं पेन्सिलीची रेघ आली. त्यानं बाटलीवर तारीख घातली आणि ट्रेत ठेवली.